आपल्या गावचे वीरगळ

महादेवाच्या देवळामागे चार उभे दगड आहेत. ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. लपंडाव खेळताना आपण त्यांच्याच आड लपतो. कोणी त्यांना भुताचे दगड म्हणतात, तर कोणी शेंदूर लावून नमस्कार करतात. ते कशाचे आहेत हे मलाही ठाऊक नव्हते. इतिहासाच्या तासाला गुरुजी आमचा सातवीचा वर्ग तिथे घेऊन गेले, तेव्हा खरी हकिकत कळली.

यातले तीन दगड म्हणजे वीरगळ. कानडी भाषेत 'कल्लु' म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. जो लढताना मेला त्याच्या आठवणीसाठी असा दगड उभा करीत. शिलाहार व यादव राजांच्या काळातले, म्हणजे सुमारे सातशे ते हजार वर्षांपूर्वीचे वीरगळ महाराष्ट्रात पुष्कळ गावी आहेत.

बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नसते. मग वाचायचे कसे? चित्रांवरून! पुस्तक आपण वरून खाली वाचतो. वीरगळ मात्र खालून वर वाचायचा. त्यावर तीन-चार कप्पे असतात.

१. सर्वांत खाली वीर मरून पडलेला असतो. कधी शेजारी गाई असतात.
२. त्याच्या वर लढाई. ढाल, तलवार, कुठे घोडा.
३. त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेत असतात.
४. सर्वांत वर वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. तो कैलासास गेला असा अर्थ.

शेंड्यावर कलश आणि चंद्र-सूर्य कोरतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, असे ते सांगतात.

सगळे वीरगळ सारखे नसतात. बोरिवलीजवळ एकसर गावच्या वीरगळांवर चक्क वल्ह्यांची जहाजे आहेत. तिथे समुद्रावरची लढाई कोरली आहे. गाई कोरलेल्या असतील, तर तो वीर गुरे वाचवताना मेला असे समजावे. त्या काळी गुरे हीच संपत्ती. शत्रू किंवा चोर गावची गुरे पळवीत. मग गावातलाच कोणी त्यांच्या मागे धावे. म्हणजे वीरगळ फक्त राजा-सरदारांचे नसतात, साध्या माणसांचेही असतात.

चौथ्या दगडावर कोपरात वाकलेला एक हात आहे. हातात बांगड्या आहेत. ती सतीशिळा. नवऱ्याच्या चितेवर जळालेल्या बाईची ती खूण. ते बघून आम्ही मुली गप्प झालो. या चालीविरुद्ध राजा राममोहन रॉय झगडले आणि १८२९ साली बंगाल प्रांतात ती कायद्याने बंद झाली. गुरुजी म्हणाले, "चाल वाईट होती, पण दगड जपायचा. काय घडलं ते तो सांगतो."

निघताना गुरुजींनी एक युक्ती सांगितली. झिजलेले कोरीवकाम दुपारी दिसत नाही. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडले की सावलीमुळे ते उठून दिसते.

आता माझी गोष्ट सांगते. रविवारी सकाळी मी आईबरोबर ओढ्यावर धुणं धुवायला गेले. आमचा एक ठरलेला दगड आहे. मी त्यावर पाणी ओतलं. ऊन तिरपं होतं. बघते तर दगडाच्या कडेला बारीक बारीक पाय! नीट पाहिलं. त्या दोन गाई होत्या. दुसऱ्या टोकाला चंद्राची कोर होती. मधला सगळा भाग मात्र गुळगुळीत झाला होता. वीर नाही, लढाई नाही, काही नाही.

मी ओरडले, "आई, हा वीरगळ आहे!"

आई म्हणाली, "अगं, धुण्याचा दगड हाय तो. तुझी आजीबी हितंच धुवायची."

मी तिला गाईंचा अर्थ सांगितला. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आपल्याच गावच्या गुरांपायी मेला व्हय त्यो? आन आमी त्येच्या तोंडावर धुणं आपटतोय!" पण लगेच तिनं विचारलं, "मग आता धुणं कुठं धुवायचं?"

प्रश्न बरोबर होता. मी तो गुरुजींना सांगितला. त्यांनी आधी दगड कुठे व कसा पडला आहे ते वहीत लिहून घेतले, माप घेतले, आमच्याकडून चित्र काढून घेतले. मग ग्रामपंचायतीला कळवले. बाबा आणि चुलत्यांनी शेतातला एक सपाट दगड बैलगाडीतून आणून ओढ्यावर बसवला. वीरगळ सहा माणसांनी पहारी लावून काढला आणि देवळामागे उभा केला. आता तिथे पाच दगड आहेत.

त्या वीराचे नाव कुणालाच माहीत नाही. कुठल्या पुस्तकात त्याची गोष्ट नाही. जे होते ते त्या दगडावरच होते, आणि त्यातले पुष्कळ आम्ही पुसून टाकले. गेले ते परत येणार नाही. उरलेल्या दोन गाई तरी राहू देत.

म्हणून सर्वांना विनंती आहे. वीरगळांवर कोयते-विळे घासू नका. ऑइलपेंट लावू नका. शेंदराच्या थराखाली चित्र बुजते, म्हणून नमस्कार लांबूनच करा. पायरीत, बांधात किंवा गोठ्यात कोरीव दगड दिसला तर तो परस्पर हलवू नका. आधी शाळेत सांगा.

पालकांनाही विनंती, की घरी जाताना देवळामागे जरा थांबा. पाचवा दगड ओढ्यावरचा. तो खालून वर वाचा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी