गेलेली पाळी परत येत नाही

आयाबायांनो, हा धडा मोठ्याने वाचा. शेजारणीही ऐकतील.

पन्नाशीच्या आगेमागे पाळी जाते. सलग १२ महिने आली नाही, की ती गेली असे समजावे. त्यानंतर अंगावरून लाल गेले, तर कोणी म्हणते, "पाळी फिरून आली. उष्णतेने झाले असेल." तसे नसते. एकच डाग दिसला, काही दुखले नाही, तरी डॉक्टरला दाखवावे.

भिऊ नका. अशा १० बायांपैकी सुमारे ९ जणींचे कारण साधे निघते. आतली कातडी पातळ झालेली असते, किंवा मस वाढलेला असतो. पण दहावीला गर्भपिशवीचा कर्करोग असू शकतो. तो बहुधा सुरुवातीलाच रक्त दाखवतो, एवढी त्याची खोड चांगली. तेव्हाच गाठला, तर पिशवी काढून बहुतेक बाया बऱ्या होतात.

"लावणी उरकू दे, मग जाऊ," असे म्हातारी म्हणते. लावणीमागे कापणी येते, कापणीमागे झोडणी. दुखणे थांबत नाही.

आधी खर्डीच्या ग्रामीण रुग्णालयात जा. लाज वाटली तर सूनबाईला नाहीतर आशाताईला बरोबर न्या. पाळी कधी गेली, डाग कधी दिसला, हे कागदावर लिहून न्या. आता तुम्हांला लिहिता येते. डॉक्टर आतून तपासतील, सोनोग्राफी सांगतील. लागले तर पिशवीतला कण काढून तपासायला धाडतील.

मुंबईला पाठवले, तर परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोगावर उपचार करते. कसारा लोकलने दादरला उतरावे. तिथून ते जवळ आहे.