फिनलंडांतील नाताळ आणि हातचें काम

डिसेंबरच्या २४ तारखेस दुपारचे बारा वाजले कीं, फिनलंड देशांतील तुर्कू या प्राचीन नगरींत मोठ्या प्रार्थनामंदिराच्या घड्याळाचे ठोके पडतात. मग चौकांतील ब्रिंक्काला नांवाच्या वाड्याच्या सज्जांतून एक अधिकारी चर्मपत्राची गुंडाळी उलगडून नाताळच्या शांततेचा जाहीरनामा वाचतो. सण सुरू झाला आहे. सर्वांनीं तो भक्तीनें व शांतपणें पाळावा. आणि या दिवसांत जो दांडगाई करील त्यास नेहमींपेक्षां कडक शासन होईल, असा त्याचा आशय आहे. हा परिपाठ मध्ययुगापासून चालत आलेला आहे. १८२७ सालीं सर्व शहर आगींत जळालें, त्यांत मूळ लेखहि गेला. तेव्हां तो स्मरणानें पुन्हां लिहून काढावा लागला. १९३५ पासून तो आकाशवाणीवरून घरोघर ऐकूं येतो. १९३९ सालीं रशियाबरोबर युद्ध चालू असतांना मात्र विमानहल्ल्याच्या भीतीनें त्याचें वाचन झालें नाहीं.

नाताळ इतर ख्रिस्ती देशांतहि येतो. पण फिनलंडांत तो ज्या काळोखांत येतो, त्याची कल्पना आल्यावांचून तेथील चालीरीती नीट समजावयाच्या नाहींत. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून पाहावा. हा देश उत्तर अक्षांश ६० ते ७० यांच्या दरम्यान पसरलेला आहे. दक्षिणेस हेल्सिंकी या राजधानींतसुद्धां डिसेंबरच्या अखेरीस दिवस सहा तासांहून लहान असतो, आणि अगदीं उत्तरेस उत्स्योकी गांवीं सुमारें पन्नास दिवस सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. देशाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अरण्यानें व्यापलेला. लहानमोठीं सरोवरें मोजलीं तर तीं १,८८,००० भरतात. हिवाळ्यांत सरोवरें गोठतात, अरण्य बर्फाखालीं जातें आणि शेत दिसेनासें होतें.

अशा वेळीं शेतकरी कुटुंबानें करावें काय? पूर्वीं सगळें घर चुलीभोंवतीं बसे आणि हातांनीं काम करी. पुरुष कुऱ्हाडीचे दांडे, लांकडी चमचे व घसरगाड्यांचे भाग तासून तयार करीत. स्त्रिया सूत व लोंकर कातीत आणि विणीत. ही करमणूक नव्हती. जी वस्तु घरांत नाहीं ती विकत आणावयास पैसा नव्हता, आणि जवळपास बाजारहि नव्हता. अरण्यानें व शेतानें जें दिलें असेल तेंच हातांत घेऊन त्याची वस्तु बनवावयाची, एवढाच मार्ग होता.

त्या अरण्यांतील एका झाडाशीं आपली जुनी ओळख आहे. आपल्या पूर्वजांनीं ज्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या तो भूर्जवृक्ष आणि फिनलंडांतील पांढऱ्या सालीचें बर्च झाड हीं एकाच कुळांतील आहेत. इतकेंच नव्हे, तर भूर्ज आणि बर्च हे दोन शब्दहि एकाच मुळापासून निघालेले आहेत. आपण त्या सालीवर अक्षरें लिहिलीं. फिनिश लोकांनीं तिच्या पट्ट्या काढून त्यांच्या पाठीवरच्या झोळ्या, टोपल्या व जोडे विणले. साल उन्हाळ्याच्या मध्यास, झाडांत रस भरलेला असतांना, सहज सुटते. म्हणून ती तेव्हां काढून ठेवावयाची आणि विणकाम हिवाळ्यांत करावयाचें. लोंकरीच्या गांठी मारून विणलेलें ‘र्‍युइयु’ नांवाचें जाड पांघरूण हें असेंच गरजेंतून जन्मास आलें. तें कोळी नावेंत पांघरीत. पुढें त्यावर रंगीत नक्षी आली आणि लग्नांत वधुवर त्यावर उभे राहूं लागले. यंत्राच्या मालापुढें हीं कामें नाहींशीं होतील हें ओळखून फॅनी चुर्बेर्ग नांवाच्या चित्रकर्त्रीनें १८७९ सालीं फिनिश हस्तकलेच्या मित्रांची एक संस्था स्थापिली. १९०० सालीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत आक्सेली गालेन-काल्लेला या चित्रकाराच्या आराखड्यावरून विणलेलें र्‍युइयु मांडलें गेलें. कोळ्याचें पांघरूण असें पॅरिसास पोहोंचलें.

आतां गवताच्या काडीची गोष्ट. फिनलंडचें जुनें मुख्य धान्य म्हणजे राय. गव्हाच्या नात्यांतील, काळसर भाकरीचें. १८६६ ते १८६८ या वर्षांत तेथें अकालीं हिंव पडून पिकें करपलीं व घोर दुष्काळ आला. लोकांनीं चीड जातीच्या झाडाची आंतली साल दळून ती पिठांत मिसळून खाल्ली. देशाच्या सुमारें आठ टक्के लोकांनीं त्या दुष्काळांत व मागोमाग आलेल्या सांथींत प्राण सोडला. उन्हाळ्यांतील एका थंड रात्रीनें वर्षाचें अन्न जावें, अशा भूमींत राहणारा मनुष्य नाताळच्या दिवशीं घरांत कोणती शोभा आणील? त्यानें रायीची काडी आणली. जुन्या काळीं नाताळच्या संध्याकाळीं घराच्या जमिनीवर पेंढा पसरीत आणि मुलेंमाणसें त्यावरच निजत. गव्हाणींत जन्मलेल्या बाळाची आठवण त्यांत होती. पण त्याहून जुनी, पुढच्या पिकाची आशाहि होती. कोणी मूठभर पेंढा वर आढ्याकडे फेंकी; जितक्या काड्या तुळयांत अडकून राहतील तितकें पीक बरें, अशी समजूत होती.

या काडीचें सर्वांत सुंदर रूप म्हणजे ‘हिम्मेली’. आकाश या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हें नांव आलें आहे. रायीच्या पोकळ काड्यांचे सारखे तुकडे करून ते दोऱ्यांत ओंवावयाचे, त्यांच्या अष्टफलक आकृति बांधावयाच्या, मोठ्या आकृतीखालीं व कोपऱ्यांवर लहान आकृति टांगावयाच्या, आणि तो सगळा पिंजरा जेवणाच्या मेजावर आढ्यापासून सोडावयाचा. तो इतका हलका असतो कीं, कोणी दार उघडलें किंवा खालीं दिवा लावला तरी संथपणें फिरूं लागतो, आणि भिंतींवर त्याची सावली फिरते.

गेल्या वर्षीं आम्हीं हा प्रयोग वर्गांत करून पाहिला व प्रथम चांगलेच फसलों. ज्वारीचा कडबा आणला. तो आंतून भरीव, त्यांत दोरा जाईना. भाताचा पेंढा आणला. तो दाबला जाऊन चपटा झाला. शेवटीं एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मळणीच्या आधीं हातानें कापलेलें गव्हाचें काड आणून दिलें, तें मात्र उपयोगी पडलें. यंत्रांतून निघालेलें काड चिरडलेलें असतें, तें घेऊं नये. दोन पेरांमधला गुळगुळीत भाग कापून घ्यावा व थोडा वेळ कोमट पाण्यांत भिजवावा, म्हणजे तो चिरत नाहीं. सारख्या लांबीचे बारा तुकडे घ्यावे. चार तुकडे दोऱ्यांत ओंवून चौकोन बांधावा. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून एक तुकडा वर न्यावा आणि चारहि टोकें एकत्र बांधावीं. तसेंच खालीं करावें. एवढ्यानें आठ त्रिकोणी बाजूंची आकृति तयार होते. नुसता चौकोन हातांत धरला तर तो लुळा पडून तिरका होतो. वरचीं व खालचीं टोकें बांधतांच तीच आकृति ताठ उभी राहते. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या म्हणजे त्याचे कोन बदलत नाहींत, हा भूमितीचा सिद्धांत फळ्यावर आम्हीं अनेक वर्षें शिकवीत आलों. पण मुलांच्या चेहऱ्यावर तो त्या दिवशीं आम्हांस प्रथम दिसला, हें कबूल केलें पाहिजे.

हातचें काम शाळेंत आणणारा मनुष्यहि फिनलंडचाच. ऊनो सिग्नेउस (१८१०–१८८८) हे लूथरपंथी पाळक होते. तरुणपणीं कांहीं वर्षें त्यांनीं त्या वेळीं रशियाच्या ताब्यांत असलेल्या अलास्कांत, सिट्का येथें, सेवा केली. परत आल्यावर त्यांनीं युरोपांतील शाळा हिंडून पाहिल्या, आणि १८६३ सालीं युवास्क्युला येथें फिनिश शिक्षकांसाठीं अध्यापनमंदिर सुरू झालें तें त्यांच्या नेतृत्वाखालीं. १८६६ च्या लोकशाळांच्या कायद्यानें हातकाम हा शाळेचा सक्तीचा विषय झाला. असें करणारा तो पहिला देश होय. दुष्काळाचें वर्ष आणि या कायद्याचें वर्ष एकच, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मात्र सिग्नेउस यांचा हेतु मुलांस सुतार बनविण्याचा नव्हता. डोळ्यास माप कळावें, हातास शिस्त लागावी आणि श्रमाविषयीं आदर वाटावा, यासाठीं प्रत्येक मुलानें, मग तो पुढें न्यायाधीश होवो कीं शेतकरी, हत्यार हातांत धरावें असें त्यांचें म्हणणें होतें. स्वीडनमधील ओट्टो सालोमोन हे १८७७ सालीं त्यांस भेटले, आणि पुढें ‘स्लॉइड’ या नांवानें ही पद्धति जगभर पसरली. आपल्याकडे महात्मा गांधींनीं १९३७ सालीं वर्धा येथें शिक्षणपरिषद भरवून हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागीं आणला; त्यांत शाळेचा खर्च मुलांच्या मालांतून निघावा हाहि विचार होता, सिग्नेउस यांच्या योजनेंत तो नव्हता. आम्हांस या बाबतींत पाळकबोवांचें मत अधिक पटतें. फिनलंडांत पुष्कळ काळ मुलांना लांकूडकाम व मुलींना शिवणकाम अशी वांटणी चाले. २०१६ पासून अमलांत आलेल्या अभ्यासक्रमांत दोन्ही कामें सर्वांस एकाच विषयांत शिकवितात. ‘आमच्या मुलाला सुई कशाला?’ असें आम्हांस दरवर्षीं विचारणाऱ्या पालकांच्या माहितीसाठीं हें येथें नमूद केलें आहे.

पुन्हां नाताळच्या संध्याकाळीं घरीं जाऊं. दुपारचा जाहीरनामा ऐकून झाला म्हणजे कुटुंबांतील सर्वजण ‘सौना’ म्हणजे वाफेच्या स्नानगृहांत जातात. तापलेल्या दगडांवर पाणी ओतून तेथें वाफ करतात. लांकडाची ही लहान खोली पूर्वीं बाळंतिणीची खोली असे आणि मृताला शेवटचें स्नानहि तेथेंच घालीत. म्हणून तींत मोठ्यानें बोलूं नये असा संकेत होता. २०२० सालीं युनेस्कोनें या प्रथेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. जेवणांत डुकराचें भाजलेलें मांस, कंदमुळें कुसकरून भाजलेले पदार्थ आणि दुधांत शिजविलेली तांदळाची खीर असते. आपल्या रोजच्या तांदळाचें त्यांस केवढें अप्रूप! तो तेथें पिकत नाहीं. पूर्वीं सणाची खीर जवाचीच असे. खिरींत एकच बदाम टाकतात, आणि ज्याच्या वाटींत तो येईल त्याचें वर्ष चांगलें जातें असें समजतात. मुलांना देणग्या आणणाऱ्या बाबाचें नांव ‘योउलुपुक्की’, म्हणजे नाताळचा बोकड. कारण पूर्वीं शिंगें लावून व कातडें उलटें पांघरून घरोघर खाणें मागत फिरणाऱ्या सोंगाचाच पुढें देणगी देणारा म्हातारा झाला. काडीचा बोकड अजून झाडाखालीं उभा करतात.

संध्याकाळीं लोक स्मशानभूमींत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. ही चाल १९३९–४० च्या युद्धानंतर सार्वत्रिक झाली. त्या हिवाळ्यांत पडलेल्या तरुणांचीं थडगीं गांवोगांव होतीं. बर्फांत शेंकडों ज्योति, आणि भोंवतीं गर्दी असूनहि आवाज नाहीं.

पांखरांसाठीं न झोडलेल्या धान्याची एक पेंढी खांबावर बांधण्याची चालहि जुनी आहे. झाकारियास टोपेलियुस या लेखकाचा तान्हा मुलगा १८५८ सालीं वारला. पुढच्या वर्षीं त्यांनीं एक नाताळगीत लिहिलें: एक लहान मुलगी बर्फांत भुकेलेल्या चिमणीला दाणे घालते, आणि ती चिमणी म्हणते कीं, मी पांखरूं नव्हे, मी तुझा गेलेला धाकटा भाऊ आहें. फिनलंडांतील मुलें तें गीत आजहि नाताळांत म्हणतात.

जानेवारीच्या १३ तारखेस सण संपतो. झाड बाहेर काढतात, पूर्वीं जमिनीवरचा पेंढाहि काढीत. हिम्मेली मात्र जुन्या रीतीप्रमाणें जूनमधील मोठ्या दिवसापर्यंत मेजावर तशीच टांगलेली राही. तोंवर बर्फ वितळून शेतांतील नवी राय ओंबीवर आलेली असे.