कुलगुरूंची चरित्रनोंद आणि संपादकाची तटस्थता : सीमाभागासाठी एक अभ्यासपाठ

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश किंवा सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश यांच्यामागे नाव घेऊन जाब विचारता येईल असा संपादक होता. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र नोंद कोणीही लिहितो आणि कोणीही बदलतो. संपादकाची जबाबदारी येथे संपलेली नाही. ती लिहिणाऱ्या प्रत्येकावर वाटली गेली आहे. शिक्षक, विद्यार्थी आणि नवे लेखक या कामाकडे वळत आहेत. म्हणून विद्यापीठाच्या प्रमुखाची चरित्रनोंद न्यायाने कशी लिहावी, याचा एक पाठ येथे मांडला आहे.

उदाहरणासाठी आपण रँग्लर डी. सी. पावटे यांची नोंद घेऊ. बेळगाव जिल्ह्याच्या गोकाक तालुक्यातील ममदापूर येथे १८९९ मध्ये त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण, मुंबई राज्याचे शिक्षणसंचालकपद, १९५४ ते १९६७ धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १९६७ ते १९७३ पंजाबचे राज्यपालपद असा त्यांचा प्रवास आहे. त्यांच्या कुलगुरुपदाच्या काळातच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवसाकडे येथील मराठी आणि कन्नड वाचक एकाच नजरेने पाहत नाहीत. तरीही दोघांनाही तपासून पाहता येईल आणि मान्य करता येईल अशी नोंद लिहिणे, हीच या पाठाची कसोटी आहे.

तटस्थता म्हणजे दोन बाजूंच्या मधोमध उभे राहणे नव्हे. अर्धी स्तुती आणि अर्धी निंदा एकत्र केल्याने नोंद न्याय्य होत नाही. कोण म्हणाले, केव्हा घडले आणि कशावरून म्हणायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या वाक्याला देता येतात ते वाक्य तटस्थ. पुढील सर्व सूचना याच एका सूत्रातून निघतात.

१. काळाप्रमाणे स्थळ

‘पावटे यांचा जन्म कर्नाटकातील बेळगावी जिल्ह्यात झाला’ हे वाक्य आजच्या नकाशावर बरोबर आहे, १८९९ च्या नकाशावर नाही. तेव्हा हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५४ मध्ये धारवाडही मुंबई राज्यातच होते. कर्नाटक विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये मुंबई राज्याच्या कायद्याने झाली. म्हैसूर राज्याला ‘कर्नाटक’ हे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी मिळाले, तर ‘बेळगावी’ हे शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून आले. म्हणून असे लिहावे : ‘जन्म ममदापूर, गोकाक तालुका, बेळगाव जिल्हा, मुंबई इलाखा (आता कर्नाटक)’. यात कोणाचा दावा मान्य किंवा अमान्य होत नाही. फक्त तारीख पाळली जाते. स्थळनावावरून होणारी खोडाखोड बहुधा तारीख न पाहिल्यामुळे होते.

निपाणीचे उदाहरण आणखी बोलके आहे. निपाणी कर्नाटकात आहे, पण शहराला लागूनच असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते आणि ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू इतिहाससंशोधक डॉ. अप्पासाहेब पवार होत. बेळगावच्या बाजूला २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. ‘निपाणीचा विद्यार्थी’ एवढ्यावरून त्याचे विद्यापीठ कोणते आणि कुलगुरू कोण, हे गृहीत धरता येत नाही. महाविद्यालय आणि वर्ष पाहावेच लागते.

२. पदाचे नेमके नाव

सीमाभागात दोन्ही भाषांतील साधने हाताशी असतात, हे आपले बळ आहे. पण त्यात एक खड्डाही आहे. मराठीत विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा तो ‘कुलगुरू’ आणि राज्यपालांकडे असणारे पद ते ‘कुलपती’. कन्नडमध्ये मात्र मराठीतल्या कुलगुरूलाच ‘कुलपती’ म्हणतात आणि त्यावरच्या पदाला ‘कुलाधिपती’. कन्नड साधनातला शब्द जसाच्या तसा उचलला, तर मराठी वाचकासाठी पदच बदलून जाते. पावटे यांच्या बाबतीत हा घोटाळा दुप्पट होतो. धारवाडला ते मराठी अर्थाने कुलगुरू होते आणि पुढे पंजाबचे राज्यपाल या नात्याने तेथील राज्य विद्यापीठांचे खरोखरच कुलपती झाले.

‘रँग्लर’ या पदवीचेही तसेच आहे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्याला रँग्लर म्हणत. त्यांतल्या पहिल्याला सीनियर रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि पुढे तेही पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. आदरापोटी प्रत्येक रँग्लरला ‘सीनियर’ करणे हा परांजपे यांच्यावर अन्याय आहे आणि पावटे यांच्यावरही. त्यांच्या खऱ्या यशाला खोट्या विशेषणाची गरज नाही.

३. क्रियापदातला कल

‘शिक्षणमहर्षी’, ‘ज्ञानतपस्वी’, ‘द्रष्टे’ ही विशेषणे नोंदीत नकोत, हे सहज पटते. क्रियापदातला कल मात्र चटकन दिसत नाही. ‘कुलगुरुपद भूषविले’ यात स्तुती दडली आहे. ‘कुलगुरू होते’ पुरेसे आहे. ‘त्यांनी सांगितले’ हे साधे विधान. ‘दावा केला’ म्हटले की लेखकाला शंका आहे असे वाटते, आणि ‘कबूल केले’ म्हटले की आधी काही लपवले होते असे.

सीमाभागात सर्वांत जपून वापरावे असे क्रियापद ‘बंद’ या शब्दाला जोडून येते. एखादा भाषाविभाग ‘बंद पडला’, ‘बंद केला’ की ‘बंद पाडला’? पहिल्या रूपात कर्ता नाही, दुसऱ्यात कर्ता आहे, तिसऱ्यात कर्ता आणि त्याचा हेतूही आहे. तीनही रूपे व्याकरणाने शुद्ध आहेत, पण तिसरे लिहायला हेतूचा पुरावा लागतो. तो नसेल, तर कोणत्या मंडळाने कोणत्या दिवशी कोणता ठराव केला, तेवढे लिहावे. ठराव सापडला, तर वाचक स्वतःचे मत बनवील. तक्रार खरी असेल, तर ठरावाच्या तारखेने ती अधिक ठसते.

‘ते’, ‘त्यांनी’ हे आदरार्थी अनेकवचन मात्र मराठीची रीत आहे. ते ठेवावे, पण टीकेच्या परिच्छेदात ‘त्याने’ वर घसरू नये. व्याकरणाचा आदर सर्वांना सारखाच असावा.

४. साधनांचे वजन

पावटे यांनी स्वतःच्या शिक्षणप्रशासनाविषयी आणि राज्यपालपदाच्या काळाविषयी इंग्रजीत आठवणी लिहिल्या आहेत. अशा आठवणी जन्मगाव, शाळा, नेमणुकीचा क्रम यांसाठी उपयोगी पडतात. स्वतःचा निर्णय योग्यच होता, हे त्यांचे म्हणणे ‘पावटे यांच्या मते’ असे नाव घालूनच द्यावे. गौरवग्रंथाचेही तसेच. तो प्रेमाने लिहिलेला असतो आणि त्यात दोष शोधायची कोणाची अपेक्षा नसते. म्हणून त्यातल्या तारखा घ्याव्यात, निवाडे घेऊ नयेत.

वादाच्या विषयात एकाच भाषेतल्या वृत्तपत्रावर थांबू नये. १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेला बेळगावचा ‘तरुण भारत’ आणि हुबळीचा ‘संयुक्त कर्नाटक’ यांतील त्याच आठवड्याचे अंक शेजारी ठेवून वाचावेत. दोन्हींत जे सारखे आहे ते नोंदीच्या भाषेत लिहावे. जे वेगळे आहे ते त्या त्या पत्राच्या नावे.

५. हयात व्यक्ती

आज पदावर असलेल्या किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या कुलगुरूंची नोंद लिहिताना जबाबदारी वाढते. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्या इंग्रजी विकिपीडियावरील नोंदीत कोणी निनावी व्यक्तीने त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडला. ते धादांत खोटे चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. त्यानंतर हयात व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले : संदर्भ नसलेला आक्षेपार्ह मजकूर चर्चेची वाट न पाहता काढायचा.

आरोप, चौकशी आणि निष्कर्ष या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. आरोप झाला म्हणून लिहिणाऱ्याने निष्कर्षाची बातमी आली की तीही तितक्याच जागेत लिहिली पाहिजे. तीस वर्षांच्या सेवेला दोन ओळी आणि एका वादाला चार परिच्छेद, ही प्रमाणाची चूक आहे, जरी प्रत्येक ओळ खरी असली तरी. उलट, सिद्ध झालेली गोष्ट विद्यापीठाच्या प्रतिष्ठेसाठी पुसणे हीही तितकीच मोठी चूक. जात, घरचा पत्ता, कुटुंबीय यांचा पदाशी संबंध नसेल, तर त्यांना नोंदीत स्थान नाही.

६. आपले नाते

कुलगुरूंचा विद्यार्थी, नातेवाईक, कर्मचारी किंवा त्यांच्याशी भांडण झालेला प्राध्यापक यांनी नोंदीत थेट बदल न करता चर्चा पानावर आपले नाते सांगून सुधारणा सुचवावी. बदल उलटवला गेला, तर पुन्हा तोच बदल करण्याऐवजी संदर्भ पुढे ठेवावा. पानाचा इतिहास सर्वांना दिसतो. आपण काय लिहिले याइतकेच आपण कसे वागलो, हेही तेथे नोंदले जाते.

वर्गासाठी एक सराव सुचवावासा वाटतो. पावटे किंवा अप्पासाहेब पवार यांच्यावर दहा वाक्ये लिहून घ्यावीत. प्रत्येक वाक्यासमोर कोण, केव्हा, कशावरून असे तीन रकाने काढावेत. रकाना रिकामा राहील ते वाक्य खोडावे. मग उरलेला मजकूर कन्नड माध्यमातल्या शेजाऱ्याला वाचून दाखवावा. त्याने एखाद्या वाक्याला हरकत घेतली आणि आपल्याकडे संदर्भ असला, तर वाक्य राहील. संदर्भ नसला, तर ते आपणच काढून टाकावे.