जुना वाडा घेण्याआधी

गावचे शेत विकून भाचा पुण्यात जुना वाडा घेणार होता. वाडा शनिवारवाड्याजवळ होता. स्वस्त मिळत होता.

"मामा, तो पाडून नवे घर बांधीन."

"इसार दिलास का?"

"उद्या देणार."

"मग थांब! शनिवारवाडा सरकारने राखलेली वास्तू आहे. अशा वास्तूंसाठी १९५८ चा कायदा आहे. २०१० साली तो कडक झाला. वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवे घर बांधता येत नाही. पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. दुरुस्तीलाही लागते."

"म्हणून स्वस्त होय!"

"आधी अंतर मोजून घे. पुरातत्त्व खात्यात विचार. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, तेही बघ. भाडेकरू आहेत का? तुळया किडल्यात का? आहे तसा राहायला हवा असेल तर घे. पाडायचा असेल तर नको."