टर्बो गाडी झटका का देते?



दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, चालत्या गाडीचे पेट्रोल गाडी स्वतःच बंद करू शकते का?" करू शकते. कसे आणि का, हा या अंकातील विज्ञान-पाठ.

प्रश्नामागची हकीकत अशी. त्याच्या वडिलांनी बाहेरगावाहून एक वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी विकत घेतली. गावात हळू चालवली तर काही तक्रार नाही. पण मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की गाडी आधी जोरात उसळे आणि ऐन वेगात कोणी मागून दोरीने ओढावे तसा झटका बसे. पाय सैल केला की सगळे पूर्ववत. पहिल्या मिस्त्रीने प्लग बदलले. दुसऱ्याने पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे सांगितले. तिसरा म्हणाला, एक छोटी डब्बी लावून देतो, झटका कायमचा बंद. याच गाडीतून आपल्या शाळेची चार मुले वक्तृत्व स्पर्धेसाठी खंडव्याला जायची होती. वाटेत घाट आहे, समोरून ट्रक येत असतात. म्हणून हा विषय एका घराचा न राहता शाळेचा झाला. गाडीचे कारण सापडेपर्यंत मुले त्या गाडीतून जाणार नाहीत, असे आम्ही कळवले आणि मुले बसने गेली.

आता मूळ गोष्ट. इंजिनात पेट्रोल जळायला हवा लागते, आणि ती अंदाजाने लागत नाही. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल, आणि जास्त पेट्रोल जाळायचे तर जास्त हवा. साधे इंजिन भात्यासारखी हवा ओढून घेते, त्याला वातावरणाच्या दाबाची मर्यादा असते. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेले चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. हे चक्र मिनिटाला 1 लाखाहून अधिक फेरे घेते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट 1905 सालचे आहे.

पण यात एक गोची आहे. धूर जास्त तर चक्र जोरात, चक्र जोरात तर हवा जास्त, हवा जास्त तर पुन्हा धूर जास्त. हे चक्र आपले आपण थांबत नाही. म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप ठेवतात, तिला वेस्टगेट म्हणतात. हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की एका बारीक रबरी नळीतून तो दाब वेस्टगेटच्या डब्याला कळतो, डबा झडप उघडतो आणि जादा धूर चक्राला वळसा घालून निघून जातो. घरच्या कुकरची शिट्टी आठवा. शिट्टी नेहमीचा दाब सांभाळते. ती अडकली तर शेवटचा उपाय म्हणून झाकणावर वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. टर्बो गाडीत शिट्टीचे काम वेस्टगेट करते, आणि सेफ्टी व्हॉल्व्हचे काम करते ते बूस्ट कट. दाब धोक्याच्या रेषेवर गेला, की गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, क्षणभर पेट्रोलच तोडतो. तोच तो झटका.

इथे हुशार विद्यार्थी विचारतील, पेट्रोल पूर्णच का तोडायचे, थोडे कमी करून चालणार नाही का? नाही चालणार, आणि हाच या पाठाचा गाभा आहे. हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरे, असे मिश्रण दाबाखाली फार तापते आणि ठिणगीची ज्वाला पोचण्याची वाट न पाहता स्वतःच भडकू लागते. आमच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकांत याला ‘अपस्फोटन’ म्हणत, मिस्त्री लोक ‘नॉकिंग’ म्हणतात. वाढलेल्या दाबात ते जोराने झाले, तर थोड्या वेळात पिस्टनला भोक पडू शकते. पेट्रोल अजिबात नसेल तर मात्र काही जळतच नाही, नुसती हवा आत येते आणि बाहेर जाते. म्हणजे अर्ध्या पेट्रोलपेक्षा शून्य पेट्रोल इंजिनाला सुरक्षित. नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला तार नसते, सगळे विजेवर चालते. त्यामुळे ईसीयू आधी हवेचे दारच थोडे मिटतो आणि झटका सौम्य बसतो. जुन्या गाड्या मात्र खाडकन थांबवतात.

टर्बो मोटारींच्या इतिहासात हा पहारेकरी पहिल्यापासून आहे. अमेरिकेत 1962 साली ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची गाडी आली, ती टर्बो लावून विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिच्या इंजिनात नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती. टाकी रिकामी झाली की एक झडप मिटे आणि टर्बोचा दाब रोखला जाई. बरेच मालक टाकी भरायला विसरत आणि मग गाडीत दम नाही म्हणून कुरकुर करत. कंपनीने ती गाडी दोनच वर्षे बनवली. पुढे अनेकांनी टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून घेतला.

आता आपल्या गाडीकडे येऊ. दाब वाढतो का, याची कारणे फार नाहीत. वेस्टगेटची नळी फाटली किंवा निसटली, तर डब्याला दाब कळतच नाही आणि झडप मिटलेली राहते. झडप गंजून अडकते. दाब सांभाळणारा विजेचा व्हॉल्व्ह बिघडतो. मोकळा सायलेन्सर बसवला तर धुराला वाट मिळून चक्र अपेक्षेपेक्षा जोरात फिरते. आणि सगळ्यात मोठे कारण, आधीच्या मालकाची हौस. वापरलेली टर्बो गाडी घेताना आपण तिच्याबरोबर तिचा पूर्वेतिहासही विकत घेतो, आणि तो कागदपत्रांत लिहिलेला नसतो.

हवामानाचाही यात हात असतो. दाब तोच असला तरी थंड हवा जास्त घन असते. (आमच्या तोंडी अजून ‘घनत्व’ येते, विद्यार्थ्यांनी मराठी पेपरात ‘घनता’च लिहावे.) काही गाड्यांत दाबाऐवजी आत येणारी हवा मोजतात आणि त्यावरून पेट्रोल तोडतात. अशी गाडी मे महिन्याच्या दुपारी मुकाट्याने चालते आणि पौषातल्या पहाटे झटके देते. मालक म्हणतो, गाडीला थंडी बाधली.

तिसऱ्या मिस्त्रीच्या डब्बीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण ती स्वस्त असते आणि तिने झटका खरोखर बंद होतो. ती डब्बी दाब कमी करत नाही. सेन्सरकडून ईसीयूला जाणारा निरोप ती मधेच अडवते आणि दाब कितीही वाढला तरी "सर्व ठीक" असे कळवते. ईसीयू त्या खोट्या आकड्याच्या हिशेबाने पेट्रोल देतो, हवा मात्र खरी येते. म्हणजे जे मिश्रण टाळायचे होते तेच तयार होते. ज्याने गाडी पूर्ण पूर्वस्थितीत आणलेली नाही, त्याने ही डब्बी लावू नये, आणि ज्याने आणली आहे त्याला तिची गरज उरत नाही.

त्या पालकांनी डब्बीला नकार दिला. चौथ्या गॅरेजमध्ये आधी संगणक जोडून कोड वाचला. तो पी ०२३४ निघाला, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त बूस्ट. मग नळी हाताने चाचपत गेल्यावर इंजिनाच्या मागे पितळेचा एक छोटा स्क्रू-व्हॉल्व्ह सापडला. आधीच्या कोणीतरी नळीत तो जोडून थोडी हवा बाहेर सोडून दिली होती. त्यामुळे वेस्टगेटला दाब खऱ्यापेक्षा कमी भासे आणि टर्बो जास्त हवा भरे. तो काढून अखंड नळी बसवली. नळीची किंमत दोन माणसांच्या पोहे-जलेबीइतकी होती. त्याआधी प्लग आणि पेट्रोलवर झालेला खर्च आम्ही इथे लिहीत नाही.

पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. झटका बसला तर घाबरून ब्रेक मारू नये, पाय हळू उचलावा आणि कारण सापडेपर्यंत ओव्हरटेक टाळावे. "पुन्हा बसतो का पाहू" म्हणून प्रयोग करू नयेत. आधी नळ्या आणि क्लिपा, मग कोड, मग महागडे पुर्जे, असा क्रम ठेवावा. डिझेल गाडीत हाच दोष निराळ्या रूपात दिसतो. टर्बोची हलणारी पाती काजळीने अडकतात आणि घाटात गाडीचा दम एकदम निघून जातो. चावी बंद-चालू केली की गाडी पुन्हा ठीक चालते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. दोष तिथेच असतो. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करण्याला मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 मनाई करते, हेही ध्यानात असावे.

नववी-दहावीसाठी दोन उदाहरणे.

1) इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब सुमारे 95 किलोपास्कल असतो. टर्बोने त्यात 70 ची भर घातली तर इंजिनातील एकूण दाब किती? समजा ईसीयूची मर्यादा 185 आहे. स्क्रू-व्हॉल्व्ह लावल्यावर भर 100 झाली, तर पेट्रोल तुटेल का?

2) दाब समान असताना 42 अंश सेल्सियसच्या हवेपेक्षा 5 अंशाची हवा किती टक्के जास्त घन असेल? अंशांचे केल्विन करायला विसरू नये.

उत्तरे वहीत रीतीसह लिहून शनिवारपर्यंत विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत. काढलेला पितळी व्हॉल्व्ह त्या पालकांनी प्रयोगशाळेला दिला आहे, तो तेथे पाहायला मिळेल.