कज्जली आणि रससिंदूर : शालेय रसायनशास्त्राची उजळणी

शालेय रसायनशास्त्राचे पुस्तक आपण आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेताना मिटतो आणि बहुधा ते पुन्हा उघडत नाही. मात्र ‘वैद्यराज, या औषधात पारा आहे का?’ असे रुग्ण विचारतो, तेव्हा नेमके उत्तर देण्यास लागणाऱ्या संकल्पना त्याच पुस्तकात असतात. २००४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. तेव्हापासून हा प्रश्न टाळणे शक्य राहिलेले नाही.

१) मूलद्रव्य, मिश्रण व संयुग : पारा आणि गंधक ही मूलद्रव्ये होत. खल्वात ती एकत्र घेतली की प्रथम केवळ मिश्रण होते. त्यात प्रत्येक घटकाचे गुणधर्म कायम राहतात. दीर्घ मर्दनाने त्यांचा रासायनिक संयोग होऊन मर्क्युरिक सल्फाइड हे काळे संयुग बनते. त्यात पाऱ्याची चमक नसते व द्रवत्वही नसते. हिंगूळ व रससिंदूर यांतील मुख्य द्रव्य हेच संयुग होय. केवळ स्फटिकरचना भिन्न असल्याने त्यांचा वर्ण लाल असतो.

२) स्थिर प्रमाणाचा नियम : संयुगातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण ठरलेले असते. पाऱ्याचे अणुवस्तुमान सुमारे २००.६ व गंधकाचे ३२.१ आहे आणि या संयुगात दोहोंचा एकेक अणू असतो. म्हणजेच १०० ग्रॅम पाऱ्यास सुमारे १६ ग्रॅम गंधक पुरतो. समगुण कज्जलीत १०० ग्रॅम पाऱ्याबरोबर १०० ग्रॅम गंधक असतो. त्यामुळे मर्दन पूर्ण झाले तरी ती ११६ ग्रॅम संयुग व ८४ ग्रॅम मुक्त गंधक यांचे मिश्रणच असते.

३) द्रव्य अक्षय्यतेचा नियम : कूपीपाकात हा जादा गंधक जळून वायुरूपाने जातो. म्हणून २०० ग्रॅम समगुण कज्जलीपासून ११६ ग्रॅमहून अधिक शुद्ध रससिंदूर मिळणे शक्य नाही. षड्गुण गंधक घेऊन ७०० ग्रॅम कज्जली केली, तरी पारा १०० ग्रॅमच असल्याने मर्यादा तीच राहते. उत्पादन याहून अधिक भरल्यास गंधक शिल्लक आहे किंवा अन्य द्रव्य मिसळले आहे, असे समजावे. निर्मितीच्या नोंदवहीत हा हिशेब अवश्य असावा.

४) रुग्णास काय सांगावे? : शुद्ध रससिंदुरात वजनाने सुमारे ८६ टक्के पारा असतो, १२५ मिलिग्रॅम मात्रेत तो सुमारे १०८ मिलिग्रॅम होतो. ‘भस्मीकरणाने पारा नाहीसा होतो’ हे विधान म्हणूनच चुकीचे आहे. पारा संयुगरूपात असतो व हे संयुग पाण्यात अत्यल्प विरघळते, एवढेच रसायनशास्त्र सांगते. यावरून औषध निर्धोक ठरत नाही. तसेच निश्चंद्रत्वाची परीक्षा आवश्यक असली तरी डोळ्यांना न दिसणारा मुक्त पारा तिने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी हवी. दीर्घकाळ रसकल्प देताना रुग्णाच्या वृक्कांची तपासणीही वेळोवेळी करावी.

आपल्या खल्वात काय घडते हे आपणच प्रथम अचूक सांगावे, म्हणजे रुग्णाचा विश्वास टिकतो.