उकिरड्यातली अळी

आमच्या देवळाली कॅम्पाच्या आसपास घरामागे उकिरडा असतोच. खत उपसताना पांढरी, जाड, वाकडी अळी निघते. दिसायला ओंगळ. मग "हुमणी आली!" म्हणून लोक विषाची पुडी आणायला धावतात. पैसा फुकट जातो.

अळी फळीवर ठेवून पाहा बरे. उलटी होऊन पाठीवर सरपटली, तर ती हुमणी नव्हे. ती कुजका पालापाचोळा खाते. खुशाल राहू द्या. हुमणी पिकाची जिवंत मुळे खाते. ऊस वाळतो, ओढला की हातात येतो.

शंका राहिली तर मोबाइलवर फोटो काढा. शेजारी रुपया ठेवा, म्हणजे आकार कळतो. शेपटाकडचा भाग जवळून घ्या. तिथल्या केसांच्या मांडणीवरून जाणकार जात ओळखतात. फोटो कृषी खात्याच्या माणसाला दाखवा.

हुमणी ठरली, तर पहिल्या वळवानंतर सांजेला कडुनिंब, बाभळी पाहा. तपकिरी भुंगेरे दिसतील. फांद्या हलवून ते वेचा, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका.